कॅसेटचा गेम, फुल एचडी टीव्ही आणि काळ्या पट्ट्या

तुमचा प्रश्न असा की जुना कॅसेटवाला गेम काय आणि रेट्रोआर्क (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) काय, ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर मारिओ जाडाच दिसतो. काळ्या पट्ट्या न येता तो बरोबर दिसेल का?

नाही. पट्ट्या येणारच, आल्याच पाहिजेत. चित्र ४:३ चं (रुंदी चार, उंची तीन) आणि पडदा १६:९ चा. १०८० उंचीला ४:३ ची रुंदी १४४० होते, म्हणजे दोन्हीकडे २४०-२४० पिक्सेल रिकामे. "पूर्ण स्क्रीनचे पैसे मोजलेत, मग वापरा की" हे नवी पेठेतल्या टीव्हीच्या दुकानापासून आमच्या मेव्हण्यांपर्यंत सगळे ऐकवतात. ताणून चित्र एक तृतीयांश रुंद होतं, दिसतं मात्र तेवढंच. नवीन काहीही दिसत नाही.

आधी कॅसेटवाल्याचं बघा. एव्हीतून एचडीएमआय करणारी स्वस्त डबी चित्र आधीच १६:९ ला ताणून पाठवते, आणि एचडीएमआयवर काही टीव्ही ४:३ चा पर्याय देत नाहीत. म्हणून टीव्हीला एव्ही इनपुट असेल तर थेट तिथेच लावा आणि पिक्चर साइज ४:३ करा. साडेतीन मिमीचं एव्ही भोक असेल तर वायर त्याच टीव्हीची घ्या. पिनेवर अर्थ आणि व्हिडिओच्या जागा कंपनीगणिक बदलतात, चुकलं की चित्रच येत नाही. मारिओला फटका बसल्यावर तो लुकलुकायच्या ऐवजी गायब होतो किंवा आडव्या रेघांत फाटतो, तो कॅसेटचा दोष नव्हे. गेम सगळ्या फ्रेम पूर्ण पाठवतो, टीव्ही त्यांना इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेम, समजून दोन-दोन शिवतो. टीव्हीचा गेम मोड लावून बटण दाबल्यावरचा उशीर कमी होतो, ही शिवण नेहमी जात नाही. त्यावर खरा इलाज ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखा स्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी नीट मोठं करणारी डबी), पण कॅसेटच्या गेमपेक्षा तो कितीतरी महाग पडतो.

रेट्रोआर्कमध्ये काम सोपं आहे, तरी लोक तिथेच घाण करतात. टीव्हीवर आधी 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा, नाहीतर कडा कापून टीव्ही स्वतःच चित्र फुगवतो आणि पुढचा सगळा हिशेब वाया. मग व्हिडिओ, स्केलिंगमध्ये ॲस्पेक्ट रेशो ४:३, इंटिजर स्केल (फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) चालू, कडा पुसट करणारा बायलिनियर फिल्टर बंद. कोअरच्या (गेम चालवणाऱ्या भागाच्या) ऑप्शनमध्ये ओव्हरस्कॅन, म्हणजे वर-खालच्या कडा, कापणं बंद करा, म्हणजे २४० च्या २४० ओळी मिळतात. मूळ चित्र २५६ रुंद, २४० उंच. २४० चौक ९६०, २५६ पंचे १२८०. दोन्ही पूर्णांक! वर-खाली ६० ओळी सुटतात, सुटू द्या. कापलेल्या २२४ ओळींवर रुंदी ११९४ च्या आसपास येते आणि उभे रकाने कमी-जास्त होतात. उंची भरायला १०८० केलंत तर साडेचारपट. चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात. काही चौकटींना चार धागे आणि काहींना पाच दिले तर मोर कसा दिसेल? तसंच. शिवाय गेममधलं दृश्य सरकलं की ओळी थरथरतात. पूर्ण उंचीच हवी असेल तर रेट्रोआर्कमधलाच शार्प-बायलिनियर शेडर (असमान ओळी झाकणारा फिल्टर) लावा. फोर-के टीव्हीवर २१६० म्हणजे नेमकी नऊपट, तिथे उंचीचा हा तंटाच नाही.

पिक्सेल ८:७ चाच (उंचीपेक्षा किंचित रुंद) हवा, ९६० उंचीला रुंदी ११७० धरा, असं म्हणणारेही भेटतील. अमेरिकन-जपानी मशीनला ते बरोबर. आपल्याकडचे कॅसेटवाले गेम पाल या टीव्ही पद्धतीवर, सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेमचे; त्यात पिक्सेल उंचीच्या साधारण १.३९ पट रुंद. म्हणजे लहानपणचा मारिओ मुळातच थोडा बुटका होता आणि काँट्रा सहाव्या हिश्शाने हळू. तेव्हा शुद्धतेवरून भांडायला आपल्याकडे फारशी जागा नाही. ४:३ ठेवा.

हो, बदकं मारायची बंदूक असेल तर ती या टीव्हीवर चालणार नाही. पांढरा चौकोन ज्या क्षणी उमटावा अशी तिची अपेक्षा असते, तेव्हा तो एलसीडीवर आलेलाच नसतो. तिच्यासाठी चालू स्थितीतला जुना, काचेच्या ट्यूबचा डबा टीव्हीच शोधावा लागेल. घेण्याआधी एव्हीची पिन खुपसून बघा, काहींना फक्त अँटेनाचं भोक असतं.