तोंडात पांढरं आलंय, म्हणजे आता संपलं का?

एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या केंद्रात समुपदेशनाला बसलं की हा प्रश्न येतोच. कुणी म्हणतं तोंड आलंय, कुणी म्हणतं जिभेवर साय धरलीय. आणि विचारतात ते एकच : ही शेवटची पायरी ना?

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक केस सांगते. चाळिशीतला माणूस, बीडकडचा, ऊसतोडीला जाणारा. हंगाम संपवून उन्हाळ्यात आला तेव्हा अंगावरचा सदरा झोळीसारखा लोंबत होता. तोंडातल्या पांढऱ्यासाठी सगळं करून झालं होतं : जिऱ्याचं पाणी, गुलकंद, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स. उष्णता झालीय असंच सगळे सांगत होते. शेवटी कुणीतरी 'एचआयव्हीवाल्यांना तोंडात बुरशी आली की वाचत नाहीत' असं बोललं आणि तो घाबरून आला.

"मॅडम, लेकरांच्या ताटात जेवत न्हाई मी आता. ह्यांना लागंल म्हणून." बायकोने त्याचा पेला वेगळा ठेवला होता, ओळखू यावा म्हणून बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून.

मी आधी गोळ्यांची पिशवी मागितली. एका बाटलीत निम्म्या गोळ्या तशाच होत्या. दुसरीच्या झाकणाखालचा चंदेरी कागद फोडलेलाही नव्हता. केंद्राच्या हिरव्या वहीत शेवटची नोंद दसऱ्याच्या आधीची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि एका फडात दहा-बारा कोप्या चिकटून. तिथे रोज रात्री बाटलीचा खुळखुळाट कोण ऐकवणार? त्याने गोळ्या सोडल्या त्या कंटाळून नव्हे, टोळीला कळेल म्हणून. हे कारण ऐकून घेतल्याशिवाय 'गोळ्या का सोडल्यास' म्हणून रागावणाऱ्या समुपदेशकाला पेशंट पुढच्या वेळी खोटं सांगतो, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांनी टॉर्च लावून गॉजने पांढरा थर पुसला. थर निघाला, खाली लाल कातडी दिसली. ही कॅन्डिडा नावाची बुरशी. ती बाहेरून लागलेली नसते, कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडातही असते. तान्ह्या बाळांना होते, कवळी लावणाऱ्यांना होते, साखर वाढलेल्यांना होते. त्यामुळे जिभेवर पांढरं दिसलं की लगेच एचआयव्ही, असंही नाही. पण एचआयव्ही असलेल्या माणसाच्या तोंडात ती फोफावली, तर शरीराचा पहारा ढिला पडलाय एवढं नक्की.

मग डॉक्टरांनी गिळताना दुखतं का, असं विचारलं. भाकरी छातीत अडकते म्हणून तो महिनाभर पेजेवर होता. म्हणजे बुरशी अन्ननलिकेत उतरलेली. अशा वेळी नुसतं तोंडात लावायचं औषध पुरत नाही. फ्लुकोनाझोलच्या गोळ्या दोन ते तीन आठवडे घ्याव्या लागतात, आणि चार दिवसांत भाकरी जायला लागली म्हणून मध्येच थांबायचं नसतं.

त्याचा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशींचा आकडा, शंभराच्याही खाली होता. म्हणून क्रिप्टोकॉकस नावाच्या दुसऱ्या बुरशीची रक्तचाचणी केली. पेशंटला मी सर्वांत जास्त वेळ देऊन समजावते ते याच बुरशीबद्दल, कारण तोंडातली बुरशी डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही. मातीत, कबुतरांच्या विष्ठेत असते, श्वासावाटे आत जाते आणि पहारा नसला की मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. माणसाकडून माणसाला लागत नाही. सुरुवात साध्या डोकेदुखीने होते. ती दिवसेंदिवस वाढते, सोबत ताप, उलट्या, धूसर दिसणं. लोक पित्त समजून गोळी घेतात आणि आठवडे घालवतात. दवाखान्यात आणलं तरी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की नातेवाईक पेशंटला उचलून घरी न्यायला निघतात, 'माणूस लुळा पडतो' म्हणून. उलट या आजारात डोक्यातला दाब वाढलेला असतो आणि पाणी काढल्यावर डोकेदुखी हलकी होते.

आणखी एक. गोळ्या सुटलेल्या असतील आणि डोकं दुखत असेल, तर घरातली जुनी बाटली फोडून आपल्या मनाने एआरटी सुरू करू नका. मेंदूत ही बुरशी असेल तर आधी तिच्यावर उपचार होतात, एआरटी साधारण चार ते सहा आठवड्यांनी. घाई केली तर दबलेला आजार उसळतो.

या पेशंटची क्रिप्टोकॉकसची चाचणी निगेटिव्ह आली, टीबीही निघाला नाही, म्हणून एआरटी लगेच परत सुरू झाली. सोबत कोट्रायमोक्साझोल रोज. ती गोळी न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियापासून वाचवते (आणि न्यूमोसिस्टिस हीसुद्धा बुरशीच). सीडीफोर ३५०च्या वर जाऊन टिकेपर्यंत ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

बायकोला वेगळं बसवून घेतलं. तिची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह होती. पेला, ताट, अंथरूण वेगळं करायची काही गरज नाही, एका ताटात जेवून ना एचआयव्ही लागतो ना ही बुरशी पोरांना त्रास देते, हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग पोरं इतके दिस उगाच रडली की." काळजी होती ती दुसरीच. रोज गोळ्या घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दबलेला असला की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. पण गोळ्या सुटल्या की ते कवच जातं. त्यामुळे निरोध आणि तिची पुन्हा चाचणी, दोन्ही ठरवलं.

त्याच्या कमरेला नायटाही होता, मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने पसरलेला. त्यात स्टेरॉइड होतं. खाज दबते, नायटा हातपाय पसरतो. ते मलम बंद केलं.

राहिला पुढचा हंगाम. गोळ्या बाटलीतून काढून ठेवू नका, दमट हवेत खराब होतात, असं आम्ही सांगतो. म्हणून खुळखुळू नये यासाठी बाटलीत वरून कापसाचा बोळा घालायचं ठरलं, आणि वेळ रात्रीऐवजी पहाटे, फडावर निघायच्या आधी, बायको चहा टाकते तेव्हाची. टोळी निघायच्या आधी येऊन पुढच्या महिन्यांचा साठा न्यायचा. तो संपत आला तर कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रात वही दाखवायची, त्यासाठीचा कागद आम्ही देतो. केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत क्रमांकावरही कळतं. व्हायरल लोडच्या तपासणीचं रक्त हंगामाला निघायच्या आधीच द्यायचं आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोध सोडायचा नाही, हे दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं.