आखाड्यातून पिंजऱ्याकडे निघालेल्याला
भाऊ, जळगाव-धुळ्याच्या आखाड्यात पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला शिकलास, ते इथे पिंजऱ्यातल्या एमएमएमध्येही (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतीत) कामाला येतं. पण डोकं खाली घालून घुसलास की मान गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून काखेत धरून गळा आवळायच्या पकडीत सापडते. डोकं वर, कान समोरच्याच्या बरगडीला, हनुवटी आत. चीत होऊ नये म्हणून पालथं पडायची सवयही मोड. पाठ दिली की मागून गळा आवळलाच समज.

2005 मध्ये सुरू झालेल्या ‘द अल्टिमेट फायटर’ या एमएमएच्या रिअॅलिटी शोमध्ये स्पर्धक एका घरात राहतात; तिथल्या लढती प्रदर्शनी धरतात, व्यावसायिक रेकॉर्डला लागत नाहीत. खरी गोची वजनाची: काही आठवड्यांत तेच वजन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. म्हणून मुळातच आपल्या वजनगटापासून फार वर राहू नकोस. मे महिन्यात रेनकोट घालून पळणं तर निव्वळ वेडेपणा. पाणी जातं, चरबी तशीच. आधी शेवभाजीची तर्री कमी कर.