चार डिस्कचा संच: रेड-५ की रेड-६?

प्रश्न: कुटुंबाची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे जपण्यासाठी घरच्या लिनक्स संगणकात ४ टेराबाइटच्या चार नव्या हार्ड डिस्क बसवल्या आहेत. त्यांचे रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी बिघडली तरी माहिती टिकवणारी रचना) करायचे आहे. रेड-५ करावे की रेड-६?

उत्तर: रेड-५ मध्ये आपल्याला १२ टेराबाइट जागा मिळेल, पण एकाच डिस्कचा बिघाड सोसला जाईल, रेड-६ मध्ये जागा ८ टेराबाइट उरते, मात्र कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते. मी रेड-६च सुचवेन, कारण बिघडलेली डिस्क बदलल्यावर संच पुन्हा उभा करताना उरलेल्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, हे काम कित्येक तास चालते आणि एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच वापरलेल्या डिस्कपैकी आणखी एखादी नेमकी तेव्हाच दगा देऊ शकते. संच ‘एमडीएडीएम’ (mdadm) या लिनक्सवर रेड बांधण्याच्या आज्ञेने बांधावा, चुकीची डिस्क निवडल्यास तिच्यावरील माहिती जाईल, म्हणून आज्ञा देण्यापूर्वी प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक ताडून पाहावा. बिघाडाची सूचना ईमेलने मिळण्याची सोय पहिल्याच दिवशी करावी, अन्यथा एक डिस्क बंद पडल्याचे महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. चुकून पुसलेले छायाचित्र मात्र कोणतेही रेड परत देत नाही. त्यासाठी स्वतंत्र डिस्कवर एक प्रत, शक्यतो दुसऱ्या घरी, ठेवावीच.