जीनोम वाचला, मग एन्झाइमचं काम अजून का कळेना?

प्रश्न: माणसाचा जीनोम वाचून झाला म्हणतात, तरी काही एन्झाइम काय करतात ते माहीत नाही, असं कसं? आणि ते शोधतात कसं?

उत्तर: सिक्वेन्सवरून, म्हणजे जीनमधल्या अक्षरांच्या क्रमावरून, 'हे बहुतेक डिहायड्रोजनेज (रेणूतून हायड्रोजन काढणारं एन्झाइम) असावं' एवढाच अंदाज येतो हो, नेमकं कुठल्या रेणूवर चालतं ते करूनच बघावं लागतं. मग तो जीन ई. कोलाय या जिवाणूमध्ये टाकून प्रोटीन बनवून घेतात, टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाची शेपटी जोडलेली असते म्हणून ते निकेलच्या कॉलममध्ये अडकतं नि बाकीचं बरंचसं धुऊन जातं, मग एकेक सबस्ट्रेट (ज्यावर एन्झाइम चालू शकेल असा रेणू) देऊन बघायचं, निघालेला हायड्रोजन घेऊन एनएडीएच हा रेणू तयार झाला तर तो 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, म्हणून तिथलं रीडिंग चढत जातं. खरी गोम पुढेच आहे, टेस्ट ट्यूबमध्ये चाललं म्हणजे पेशीतही तेच करतं असं नाही. म्हणून पेशीतला जीन बंद करून काय साठतंय ते मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) बघतात.

एल-2-हायड्रॉक्सीग्लुटारेट डिहायड्रोजनेजचं प्रकरण तर भारीच! मॅलेट डिहायड्रोजनेज हे दुसरं एन्झाइम अधूनमधून भलताच रेणू पकडून नको ते, म्हणजे एल-2-हायड्रॉक्सीग्लुटारेट, बनवतं, आणि हे बिचारं पहिलं एन्झाइम ते निस्तरत बसतं. त्याच्या जीनमध्ये बिघाड असला तर तो नको असलेला पदार्थ साठून मेंदूवर परिणाम होतो, हा जीन 2004 मध्ये सापडला.