आजीची ठेव मोड

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही फोटो काल रात्री नीट पाहिले. कार्डाचे स्टेटमेंट, पगारखात्याचा उतारा आणि बार्शीच्या बँकेतल्या एफडीची पावती. पाऊण तास तू कार्डाबद्दल बोललास, ओडीबद्दल, म्हणजे पगारखात्यातून शिलकीपेक्षा जास्त उचलायच्या त्या सोयीबद्दल, बोललास आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालास, 'एफडीला मात्र हात लावणार नाही काकू, आजीची आहे.' तिथे मी गप्प बसले. लिहायला घेतले की राग आवरतो असा माझा अनुभव आहे. बघू या वेळी आवरतो का.

पैसे कशात गेले ते विचारत नाही. खोलीचे डिपॉझिट, बहिणीची फी, पहिल्या कंपनीने थकवलेले दोन पगार आणि तो फोन. फोन जरा जास्तच झाला, पण ते तुझे तुला कळते.

आता कार्डाकडे ये. बाकी ८६,४०० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. एका महिन्याचे व्याज ३,०२४, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४४. झाले ३,५६८. बँकेने 'किमान देय' म्हणून मागितले ४,३२०, आणि तू ते इमानदारीत भरतोस. म्हणजे मुद्दलातून गेले किती? ७५२ रुपये. त्यात बाकी पूर्ण फेडली नसली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. परवा तू त्याच कार्डावर भरलेल्या पेट्रोलला भरल्या दिवसापासून व्याज चालू झाले आहे.

आणि बार्शीला आजीची ७०,००० ची ठेव पावणेसात टक्क्यांनी शांत झोपली आहे. महिन्याला कमावते ३९४ रुपये. तिकडून ३९४ यायचे, इकडून ३,५६८ जायचे, आणि याला तू बचत म्हणतोस. अरे, ठेव मोड.

व्याज कमी होईल या आशेवरही राहू नकोस. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची वेस घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. कोणी येऊन तुझा दर उतरवणार नाही.

तुला वाटत असेल, काकूला काय जाते बोलायला. तर ऐक. २००३ साली मी भोसरीच्या एका कंपनीत हिशेब बघायचे. तेव्हा बँकांची पोरे गेटवर टाय लावून उभी असायची, सही केली की घरपोच कार्ड. त्याच दिवाळीनंतर धाकट्या भावाचे लग्न निघाले. मी ४२,००० रुपये त्या कार्डावर उडवले. भावाच्या लग्नात हात आखडता घेतला नाही, याचा मला आजही पश्चात्ताप नाही, हे आधी लिहून ठेवते. पश्चात्ताप पुढच्याचा आहे.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तेव्हा तिन्ही मुलांच्या नावे ४५-४५ हजारांची ठेव केली. माझी पावती गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत. तिकिटाच्या पंचाने त्यांच्या अंगठ्याला पडलेला घट्टा मला त्या कागदात दिसायचा. ती मोडायची कशी? त्यापेक्षा मी किमान रक्कम भरत राहिले. २.९५ टक्के महिना. स्टेटमेंट ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचे, म्हणजे घरी कोणाला दिसायला नको. दिवसा कंपनीचा ताळेबंद पैशापर्यंत जुळवणारी बाई मी, मला हे गणित येत नव्हते असे थोडेच आहे? येत होते. बघायचे नव्हते. तीन वर्षांत व्याजापोटी जवळजवळ त्या ठेवीएवढी रक्कम गेली आणि शेवटी ठेव मोडावी लागलीच. म्हणजे वडिलांचे पैसे मी जपलेच नाहीत. एसटीत तीस वर्षे उभे राहून त्यांनी जे मिळवले ते मी तीन वर्षांत बँकेला नेऊन दिले, आणि वर स्वतःला हळवी मुलगी म्हणवून घेतले.

तुझी आजी म्हैस विकून बँकेत गेली, तेव्हा तिने नातवाचा विचार केला की कागदाचा?

तू म्हणालास, अडीअडचणीला असू दे. अडचण येऊन दारात पाट मांडून बसली आहे रे, आणखी कोणाची वाट बघतोयस? ठेव मोड.

मुदतीआधी मोडली तर अर्धा-एक टक्का व्याज कापतील. कापू देत. ७०,००० सरळ कार्डाला. राहिले १६,४००. ती म्युच्युअल फंडातली दरमहा ५,००० ची एसआयपी थांबव. शेअर बाजार दोन महिने तुझ्यावाचून अडणार नाही. ते ५,००० आणि आता भरतोस ते ४,३२० मिळून दोन महिन्यांत कार्ड कोरे होते. त्यानंतरच्या बिलात थोडे व्याज पुन्हा दिसेल, कारण ते तू पैसे भरलेस त्या दिवसापर्यंत मोजतात. घाबरू नकोस, तेही भरून टाक. मग कार्ड बंद करायचा अर्ज दे. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत त्यांना ते बंद करावे लागते, पुढे रोजचे ५०० रुपये तुला द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे हा. कस्टमर केअरवाली मुलगी गोड बोलून फ्री कार्ड देऊ करेल, तेव्हा हे आठव.

दुसऱ्या कार्डावरून पैसे काढून हे फेडायची तुझ्या रूममेटची युक्ती मला सांगूही नकोस. याची टोपी त्याला. कार्डावर रोख काढली की आधी फी आणि त्याच दिवसापासून व्याज. 'थोडे भरा, बाकी सोडतो' अशा सेटलमेंटच्या फोनलाही भुलू नकोस. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' हा शब्द बसला की उद्या घराच्या कर्जाला तो आडवा येतो.

ओडीचे दुखणे वेगळे आहे. ३८,००० वापरलेत, १६ टक्क्यांनी महिन्याला पाचशेच्या आसपास व्याज, म्हणजे कार्डापुढे किरकोळ. पण तिला भरायची तारीख नाही म्हणून ती कर्ज वाटतच नाही. पगार ३१,००० जमा होतो, खड्ड्यात पडतो, आणि अॅपवर 'उपलब्ध रक्कम ५३,०००' दिसते. त्यातला एक रुपयाही तुझा नाही, बाळा! ६०,००० ची मर्यादा धरून दाखवतात ते. कार्ड संपले की तेच ९,३२० दरमहा इकडे वळव, आणि जेवढे भरशील तेवढी मर्यादा कमी करून घ्यायचे पत्र बँकेला दे. पत्र दिले नाहीस तर भरलेले परत काढशील. मी काढले असते.

आता तू हुशार आहेस, म्हणशील की ठेव न मोडता तिच्यावर ओडी मिळते, ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्तीने. मिळते. गणितातही बसते. आमचे हे काल हेच म्हणाले, वर म्हणाले, 'पोराला स्वतःच्या चुकीचे प्रायश्चित्त कशाला देतेस?' असेलही तसे. पण एक ओडी सांभाळता येत नाही त्याने दुसरी उघडावी, हे मला पटत नाही. कोऱ्या मनाच्या माणसाला तो सल्ला ठीक आहे. तू आणि मी त्यातले नाही. आपण पावती जपत बसणारी माणसे. म्हणून पुन्हा लिहिते, ठेव मोड.

हा शनिवार दुसरा आहे, बँक बंद. सोमवारची रजा टाक आणि रविवारच्या रात्रीच्या एसटीने बार्शीला जा. मूळ पावती, आधार, पॅन घे. पावतीच्या मागे महसुली तिकिटावर सही मागतील, तिकीट इथूनच घेऊन जा, तिथे आयत्या वेळी मिळत नाही. आणि ती पावती ज्या पाकिटात आहे ना, आजीने शेजारच्या मास्तरांकडून तुझे नाव लिहून घेतलेले, ते काउंटरवर देऊ नकोस. नुसती पावती दे. माझ्या पाकिटावर वडिलांचे अक्षर होते. मी सगळेच आत सरकवले आणि क्लार्कने ते चुरगाळून टेबलाखालच्या टोपलीत टाकले.

तुझी,
काकू