खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोजचे पाच डॉलर

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. सासू-सासरे सांगलीहून येणार, मग सगळे सहा जण मिळून वॉशिंग्टन आणि नायगारा बघायला निघणार. चार रात्री, दोन खोल्या. मागच्या वेळी ताईंनी हॉटेलच्या खोलीत पाच डॉलर ठेवले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, चारशे रुपये झाले हे! भाडं भरलंय ना आपण?’ नवऱ्याचंही म्हणणं असं की रेस्टॉरंटमध्ये टिप देतो तेवढी पुरे. ताईंना विचारायचं आहे की हॉटेलात कोणाला किती द्यायचे आणि घरच्यांना हे कसं सांगायचं.

ताई, तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेली रक्कम टिपेतून भरून निघेल असं गृहीत धरलेलं असतं. काही राज्यांत हे चालत नाही, पण बऱ्याच राज्यांत चालतं. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाई सहसा या हिशोबात येत नाहीत, त्यांना पूर्ण किमान वेतन मिळतं. म्हणजे कागदावर बघितलं तर त्यांचा पगार आपल्या टिपेवर अवलंबून नाही.

पण तो पगार पुरत नाही. २०१८ साली मॅरियट हॉटेलांतल्या हजारो कर्मचाऱ्यांनी बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू अशा शहरांत संप केला. त्यांच्या फलकांवर लिहिलेलं होतं की माणसाला एकच नोकरी पुरायला हवी. त्यांतल्या बऱ्याच जणी खोल्या आवरणाऱ्या होत्या. एका शिफ्टमध्ये डझनभराहून जास्त खोल्या करायच्या, प्रत्येक खोलीत जड गाद्या उचलून चादरी खोचायच्या, गुडघ्यांवर बसून टब घासायचा. शिवाय त्या आपल्याला दिसत नाहीत. दारात गाडी घेणारा, बॅगा उचलणारा समोर उभा असतो म्हणून हात आपोआप खिशाकडे जातो. खोली आवरणारी बाई आपण बाहेर पडल्यावर येते. म्हणून माझं सांगणं असं की पैसे मोजकेच असतील तर सुरुवात तिच्यापासून करा.

किती? अमेरिकेत एका खोलीमागे रात्रीला एक ते पाच डॉलर असं सर्वसाधारण मानलं जातं. खोलीत एकटा माणूस असेल तर दोन पुरतात. तुम्ही एका खोलीत तिघं-चौघं, त्यात मुलं, म्हणून पाच ठेवा. दोन खोल्या, चार रात्री, चाळीस डॉलर. खोलीचं भाडं दीडशे धरलं तरी चार रात्रींचे बाराशे होतात. त्या बाराशेत हे चाळीस जड नाहीत.

हे पैसे रोजच्या रोज ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम वीस ठेवले, तर त्या दिवशी जिची शिफ्ट असेल तिला सगळे मिळतात आणि आधीचे तीन दिवस राबलेली रिकामी राहते. हल्ली बऱ्याच हॉटेलांत सांगितल्याशिवाय रोज खोली आवरत नाहीत. ज्या दिवशी कोणी आलंच नाही, त्या दिवसाचे पैसे पुढच्या दिवशीच्या पाकिटात घाला. निघायच्या दिवशी मात्र विसरू नका, कारण खोली सोडल्यावरची सफाई सगळ्यात मोठी असते.

आणि चिठ्ठी हवीच. टेबलावर नुसती नोट पडलेली असेल तर ती बाई हात लावत नाही. पाहुणा पैसे विसरून गेला असेल, उद्या चोरीचा आळ आला तर नोकरी जाईल, ही भीती तिला असते. हॉटेलच्याच कागदावर मोठ्या अक्षरात ‘हाउसकीपिंग, थँक यू’ लिहा, त्यावर नोटा ठेवा आणि उशीवर किंवा बेसिनजवळ सहज दिसेल असं ठेवा. चिठ्ठी मुलांना लिहू द्या. चिल्लर नको, रुपये तर नकोतच, ते तिला कुठे वटवता येणार? प्रवासाला निघण्याआधी बँकेतून एक आणि पाचच्या नोटा काढून ठेवा. विसाची नोट मोडायला रात्री फ्रंट डेस्कवर धावण्यापेक्षा हे बरं.

आपल्या घरांबद्दल थोडं मोकळेपणाने बोलते. आपण प्रवासात राइस कुकर नेतो, लोणचं नेतो, आजी-आजोबांच्या डोक्याला खोबरेल तेल असतं, सकाळी कपाळाला कुंकू लागतं. यात वावगं काही नाही. पण पांढऱ्या टॉवेलवर पडलेला हळदीचा डाग निघत नाही आणि तेलकट उशी पुन्हा पुन्हा धुवावी लागते. घरचा एक जुना टॉवेल, एक चादर आणि उशीचा अभ्रा सोबत ठेवा. भात-आमटीचं खरकटं पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाका, बेसिनमध्ये ओतू नका. उदबत्ती खोलीत लावूच नका. धूर ओळखणारी यंत्रं वाजतात आणि अनेक हॉटेलं त्याचा वेगळा दंड लावतात. एवढं करूनही पसारा झाला तर त्या दिवशी पाचाऐवजी दहा ठेवा. उरलेला चिवडा-चकलीचा पुडा मात्र टिपेऐवजी ठेवू नका. उघडलेला खाऊ बहुतेक कचऱ्यातच जातो, कारण पाहुण्यांचं उघडं खाणं कोणी घेत नाही.

सासूबाईंना डॉलर-रुपयाच्या हिशोबाने पटणार नाही, त्या वाटेला जाऊच नका. सांगलीच्या घरी धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना दिवाळीत त्या जास्तीचा पगार आणि साडी देत असतील. ते देताना ‘पगार तर देतेच ना’ असं त्या म्हणत नाहीत. हे पाकीट त्याच मनाने द्यायचं आहे. रोज सकाळी ते त्यांच्याच हाती द्या आणि त्यांनाच ठेवायला सांगा. घरातल्या मोठ्या माणसाने दिलेलं देणं नातवंडंही बघतील.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. बॅगा वर आणून देणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर, विमानतळावरच्या शटलच्या चालकाने सामान चढवलं तर तेवढेच. गाडी आणून देणाऱ्याला दोन ते पाच, तेही गाडी परत घेताना. मोफत नाश्त्याच्या हॉलमध्ये कोणी ताटं उचलत असेल तर टेबलावर दोन-तीन डॉलर. खोलीत जेवण मागवलं तर आधी बिल वाचा, सर्व्हिस चार्ज बहुतेक वेळा लावलेला असतो. ‘रिसॉर्ट फी’ हॉटेलच्या खिशात जाते, ती टिप नव्हे. वाटेत एखादं गुजराती कुटुंब चालवत असलेलं मोटेल लागेल. मालकीणबाई स्वतः खोल्या आवरत असतील तर टिप द्यायची पद्धत नाही, आभार माना. पगारी बाई असेल तर नेहमीप्रमाणे पाकीट ठेवा.

पत्राच्या शेवटी ताईंनी इतर देशांचंही विचारलं आहे. तिथे अमेरिकेची सवय नेऊ नका. जपानमध्ये टिप देत नाहीत. टेबलावर पैसे राहिले तर ते परत द्यायला माणूस मागे धावत येतो. र्‍योकानमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक पद्धतीच्या निवासात, खास सेवा करणाऱ्या बाईंना काही जण सुरुवातीलाच पाकिटातून थोडी रक्कम देतात, पण ती सक्ती नाही, आणि नोटा उघड्या कधीच देत नाहीत. सिंगापूरमध्ये दहा टक्के सर्व्हिस चार्ज बिलातच येतो, वर काही अपेक्षित नसतं. फ्रान्समध्ये रेस्टॉरंटच्या बिलात सेवेचे पैसे धरलेलेच असतात. खोलीत रोज एक-दोन युरो ठेवले तर छानच, नाही ठेवले तरी कोणी वाईट मानत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही अपेक्षा नसते.

दुबईचं थोडं वेगळं आहे, आणि भारतात येता-जाता आपले बरेच लोक तिथे थांबतात. बिलात सर्व्हिस चार्ज असतो, पालिकेचं शुल्क असतं, त्यामुळे दिलेच आहेत पैसे असं वाटतं. पण तिथे खोली आवरणारे, बॅगा उचलणारे बहुतेक नेपाळ, फिलिपिन्स, बांगलादेश आणि आपल्याकडून गेलेले असतात, घरी पैसे पाठवणारे. बॅगा आणणाऱ्याला पाच-दहा दिरहॅम आणि खोलीत रोज तेवढेच ठेवा. समोरचा हिंदी बोलत असेल तर त्याचं गाव कुठलं ते जरूर विचारा.

एसी चालला नाही, वायफाय बंद पडलं, डेस्कवरच्या माणसाने नीट उत्तर दिलं नाही, तर मॅनेजरकडे तक्रार करा, भाड्यात सवलत मागा. त्याची वसुली खोली आवरणाऱ्या बाईंच्या पाकिटातून करू नका.