दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार

(वाचकांचे प्रश्न : या वेळी ओपन सोर्सचे, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचे, लोकल ग्रुप चालवणाऱ्यांची आणि तिथे जाऊ बघणाऱ्यांची पत्रं)

प्रश्न : आमच्या ग्रुपला वर्ष होत आलं. पहिल्या मीटअपला खोली भरली होती, आता जेमतेम चार-पाच जण येतात. दर महिन्याला ग्रुपवर पोल टाकतो की कुठला दिवस जमेल, त्यातच दोन आठवडे जातात, आणि तारीख ठरली तरी हो म्हणणारे येत नाहीत. मागचे दोन महिने तर रद्दच केलं. आता ग्रुप बंद करावा का?

ग्रुप नका बंद करू, पोल बंद करा.

पोल टाकल्यावर काय होतं बघा. काही जण शनिवार म्हणतात, काही रविवार, बरेच जण काहीच म्हणत नाहीत, मग तुम्ही शनिवार धरता आणि रविवारवाले त्या महिन्यापुरते गळतात, पुढच्या महिन्यात रविवार ठरतो आणि शनिवारवाले गळतात. सगळ्यांना विचारून केलं तरी सवय कुणालाच लागत नाही. आणि मीटअप टिकतं ते सवयीवर. एकदा ठरवून टाका, दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी ५ ते ७, जागा तीच. ज्यांना शनिवार कधीच जमत नाही असे काही जण कायमचे सुटतील हे मान्य आहे, पण बाकीच्यांना महिनाभर आधीपासून माहिती असेल की त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवायचं नाही.

तारखेवर जाऊ नका, म्हणजे दर १० तारखेला वगैरे, कारण १० तारीख कधी मंगळवारी येते कधी गुरुवारी. शेवटचा शनिवारही नको, तो कधी चौथा असतो कधी पाचवा आणि लोक हमखास गोंधळतात. दुसरा किंवा तिसरा बरा. तिसरा धरलात तर एक फायदा आहे, सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे अशाच मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस, जो २००४ पासून जगभर साजरा होतो तो सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारीच असतो, म्हणजे वर्षातून एकदा तुमचं नेहमीचं मीटअप आपोआप त्याच दिवशी येईल. बहुतेक कॅलेंडर ॲपमध्ये ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ असा रिपीट होणारा इव्हेंट करता येतो, तो एकदाच करा आणि त्या कॅलेंडरची लिंक सगळ्यांना द्या, लोकांनी एकदा जोडून घेतलं की झालं.

आता रद्द करण्याबद्दल. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. चार जण आले म्हणून मीटअप फसत नाही, पण जो माणूस दीड तास प्रवास करून आला आणि दाराला कुलूप बघून परत गेला तो पुन्हा येत नाही, आणि तो नेमका नवीन माणूस असतो, कारण जुन्यांना रद्द झाल्याचं कुठून तरी कळलेलं असतं. दोघंच येणार असतील तरी दार उघडा. चार जणांत जे होतं ते चाळीस जणांत होत नाही, एका लॅपटॉपभोवती चौघं बसून एखादा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, शेवटपर्यंत लावून धरता येतो. तुम्हाला स्वतःला जमणार नसेल तर किल्ली कुणाकडे द्यायची हे आधीच ठरलेलं असू द्या.

आणि मेसेज नीट लिहा. एक आठवडाभर आधी, एक त्याच दिवशी सकाळी. पत्ता म्हणजे नुसती मॅपची लिंक नको, कुठल्या गेटने यायचं, कितवा मजला, गेटवर काय सांगायचं, आणि दारापाशी अडकलं तर फोन उचलेल असा एक नंबर. एवढं असलं की येऊ का नको करणारे बरेच जण येतात.

प्रश्न : दर महिन्याला स्पीकर कुठून आणायचा? ओळखीतले सगळे एकेकदा बोलून झाले.

दर महिन्याला स्पीकर पाहिजेच हे कुणी ठरवलं?

५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक जण जमले आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब हा कॉम्प्युटरच्या हौशी लोकांचा ग्रुप सुरू झाला. तो १९८६ पर्यंत चालला, ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी ॲपल वन या ॲपलच्या पहिल्या कॉम्प्युटरचं डिझाइन तिथेच लोकांना दाखवलं. बैठका चालवायचे ली फेलसनस्टीन, आणि त्यांची पद्धत अगदी साधी होती. एका भागात, त्याला ते मॅपिंग म्हणायचे, एकेकाने उभं राहून थोडक्यात सांगायचं की माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय, कुठे अडलंय. मग रँडम ॲक्सेस, म्हणजे सगळे मोकळे, ज्याचं ऐकलं त्याला जाऊन गाठायचं. हे आजही जसंच्या तसं चालतं. प्रत्येकाला एक मिनिट द्या, कुणी म्हणेल माझं वायफाय लिनक्सवर (विंडोजसारखी, पण ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम) सारखं तुटतं, कुणी म्हणेल मी पहिली पुल रिक्वेस्ट (प्रोजेक्टला सुचवलेला बदल) टाकली आणि मेन्टेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) काहीतरी बदलायला सांगितलंय पण नेमकं काय ते कळत नाही. पुढचा दीड तास कसा गेला ते कळत नाही. मोठं टॉक तिमाहीतून एकदा ठेवा, मधल्या महिन्यांत पाच-पाच मिनिटांची छोटी, ज्याला बोलायचंय त्याने आयत्या वेळी नाव द्यायचं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो डॉक्युमेंटेशनचा, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्या लेखी सूचना सुधारण्याचा, दिवस. एखादा छोटा प्रोजेक्ट निवडायचा, शक्यतो ज्याचा मेन्टेनर उत्तरं देतो असा, आणि ज्याने तो कधीच वापरलेला नाही अशा माणसाला त्याची इन्स्टॉलेशन गाइड शब्दशः पाळायला बसवायचं. मशीन नवी किंवा कोरी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर. शेजारी अनुभवी माणूस बसेल पण त्याने बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. तिसऱ्या कमांडला एरर येतो, कारण एक पॅकेज आधी टाकावं लागतं हे गाइडमध्ये लिहिलेलंच नाही, जुन्या लोकांच्या मशीनवर ते आधीपासून असतं म्हणून कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. तेवढी एक ओळ घालायची, पुल रिक्वेस्ट टाकायची, आणि ज्याला ‘मला कोडिंग फारसं येत नाही’ असं वाटत होतं त्याचं नाव त्या प्रोजेक्टच्या इतिहासात लागतं. हे काम नवीन माणूसच करू शकतो, जुन्याला ती अडचण दिसतच नाही.

इन्स्टॉलफेस्ट, म्हणजे लोकांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्यायचा दिवस, करणार असाल तर तयारी आदल्या दिवशीच करा. वीस लॅपटॉप एकाच वायफायवर उबंटू नाहीतर फेडोरा (लिनक्सचे दोन प्रकार) उतरवायला लागले की कुणाचंच काही होत नाही, म्हणून आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) आधी उतरवून, चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा कोड) तपासून पाच-सहा पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे त्यावरून कॉम्प्युटर सुरू होईल असे, करून ठेवा. एक्स्टेंशन बोर्ड घ्या, प्रोजेक्टरसाठी टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घ्या. आणि कुणाच्याही मशीनला हात लावण्याआधी दोन गोष्टी विचारा : बॅकअप घेतलाय का, आणि विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी एन्क्रिप्शनची सोय, चालू आहे का. बिटलॉकर चालू असताना सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद केलं किंवा बूटच्या सेटिंगमध्ये काही बदललं तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा कोड, मागू शकतं, आणि ती की कुठे आहे हे त्या माणसाला माहीतच नसतं. की आधी शोधून लिहून घ्या मगच पुढे जा. बॅकअप नसेल तर त्या दिवशी लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे मशीनवर काहीही न टाकता थेट पेनड्राइव्हवरून, चालवून दाखवा आणि पुढच्या महिन्यात या म्हणा, पुढचा दुसरा शनिवार ठरलेलाच आहे.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे. एका लिनक्स ग्रुपच्या मीटअपला जाऊन आले. सगळे एकमेकांना ओळखत होते, घोळका करून बोलत होते, निम्मे शब्द डोक्यावरून गेले. मुली जवळजवळ नव्हत्याच. मी मागे बसून परत आले. पुन्हा जावं का?

हो, जा. पण तू मागे बसलीस ही तुझी चूक नाही, कुणी तुझ्याशी येऊन बोललं नाही ही त्या ग्रुपची चूक आहे, आणि हे उत्तर संयोजकांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

रीड द डॉक्स या डॉक्युमेंटेशन ठेवायच्या साइटचे सहसंस्थापक एरिक होल्शर यांनी सुचवलेला पॅकमॅन रूल म्हणून एक नियम आहे. घोळक्यात उभं राहताना गोल पूर्ण बंद करायचा नाही, एका माणसाची जागा मोकळी ठेवायची, आणि कुणी ती भरली की थोडं सरकून पुन्हा एक जागा करायची. याला खर्च काही नाही. त्याच्या जोडीला दाराशी एक माणूस पाहिजे ज्याचं त्या दिवशी दुसरं कुठलंही काम नाही, जो नवीन दिसेल त्याला विचारेल की काय वापरतेस, काय बघायला आलीस, आणि मग हात धरून योग्य माणसापाशी नेऊन सोडेल. आचारसंहिताही लेखी हवी, ती शून्यापासून लिहायची गरज नाही, २०१४ पासून उपलब्ध असलेलं कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट, म्हणजे आचारसंहितेचा तयार नमुना, हजारो प्रोजेक्ट वापरतात, ते घेता येतं, फक्त त्यात तक्रार कुणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावं खरोखर भरा आणि त्यातली एक तरी बाई असू द्या.

तुझ्यासाठी एवढंच : पुढच्या वेळी जायच्या आधी संयोजकांना दोन ओळी पाठव, की मी अमुक करून बघतेय, इथे अडलेय, त्या दिवशी कुणी दाखवेल का. नेमका प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला मदत करायला या लोकांना फार आवडतं, त्यांना सुरुवात कशी करायची ते कळत नाही इतकंच. मैत्रिणीला सोबत घेऊन जा. आणि तरीही कुणी विचारलं नाही तर दुसरा ग्रुप शोध, सगळे सारखे नसतात.

प्रश्न : एक कंपनी हॉल फुकट देतेय, पण येणाऱ्या सगळ्यांचे फोन नंबर मागतेय.

हॉल घ्या, नंबर देऊ नका. सुरक्षेसाठी गेटवर नावं लागतात ते ठीक, पण यादी भरतीसाठी वापरायची असेल तर साफ नाही म्हणा. त्याऐवजी सुरुवातीला दोन मिनिटं द्या, त्यांनी काय ते सांगावं, ज्याला रस असेल तो स्वतः जाऊन बोलेल. तेवढ्यावर भागत नसेल तर लायब्ररी, कॉलेजची लॅब, कुणाच्या तरी ऑफिसची छोटी खोली बघा.

प्रश्न : तीन वर्षं मी एकटाच सगळं करतोय. आता खरंच दमलोय, पण सोडलं तर ग्रुप संपेल.

तीन वर्षं न चुकता दार उघडं ठेवलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. दमणं अगदी साहजिक आहे. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू करणारे गिडो वॅन रॉसम जुलै २०१८ मध्ये वादावादीला कंटाळून निर्णय घेण्याच्या जबाबदारीतून बाजूला झाले, पुढच्या वर्षी पाच जणांची निवडून आलेली स्टिअरिंग कौन्सिल आली, आणि पायथॉन जोरात चालू आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रोजेक्टमध्ये तर प्रोजेक्ट लीडरची निवडणूक दरवर्षीच होते.

‘कुणी मदत कराल का’ असं ग्रुपवर विचारू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही. जे नेहमी येतात त्यातल्या दोघा-तिघांना एकेकटं गाठा आणि एकेक ठरावीक काम द्या, तू मेसेज टाकायचे, तू हॉलचं बघायचं, तू दाराशी उभं राहायचं. हॉलवाल्यांकडे जाताना त्या माणसाला सोबत न्या, ओळख करून द्या, नाहीतर ते पुढेही तुम्हालाच फोन करत राहतील. मग सगळ्यांना सांगून टाका की अमुक महिन्यापासून मी फक्त एक सदस्य म्हणून येणार, आणि त्यानंतर एखादं मीटअप थोडं विस्कळीत झालं तरी मध्ये पडू नका.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. ग्रुपचा ईमेल, इव्हेंट पेज, रेपो (कोड ठेवायची जागा), डोमेन (वेबसाइटचा पत्ता) यातलं काय काय तुमच्या एकट्याच्या खात्यावर आहे त्याची यादी काढा, सगळीकडे निदान आणखी दोघांना ॲडमिन करा, पासवर्ड कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये त्या दोघांसोबत ठेवा. डोमेनची मुदत कधी संपते तेही बघा, आणि ती तारीख वर सांगितलेल्या कॅलेंडरमध्येच टाका.